किरण कुठे संपणार? लेझरप्रेमींच्या पहिल्या मेळाव्याची तयारी

लेझरच्या छंदात नव्याने उतरलेल्या माणसाला एखाद्या छोट्या मेळाव्याचे निमंत्रण मिळाले, की तो आपल्याकडचा सर्वांत प्रखर लेझर शोधतो आणि तोच आधी पिशवीत भरतो. ही सुरुवात उलटी आहे. पुण्यात सोसायट्यांच्या सभागृहांत आणि शाळांच्या प्रयोगशाळांत भरणारी वीस-पंचवीस जणांची अशी संमेलने मी गेली काही वर्षे पाहत आणि भरवत आलो आहे. ज्या प्रयोगांभोवती शेवटपर्यंत गर्दी राहिली, ते बहुतेक सगळे एक मिलिवॅटच्या आतल्या साध्या लाल लेझरवर चालणारे होते. म्हणून या लेखात तयारीचा क्रम किरणाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे लावला आहे. किरण कुठे थांबणार हे आधी ठरवावे, त्याने वाटेत काय करायचे हे नंतर, आणि तो कोणत्या लेझरमधून निघणार हे सर्वांत शेवटी.

दिवस निवडण्याची मुभा असेल, तर १६ मे हा दिवस मला विशेष जवळचा वाटतो. १९६० मध्ये याच दिवशी थिओडोर मैमन यांनी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण मिळवला, आणि म्हणूनच युनेस्कोने हा दिवस आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन म्हणून स्वीकारला. मात्र मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला कार्यक्रम ठेवला तर खिडक्या काळ्या कार्डशीटने झाकाव्या लागतात आणि पंखे बंद करून चालत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी आपला मेळावा ठेवू नये, असे माझे मत आहे. त्या दिवशी पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था आपली दारे सर्वांसाठी उघडते, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला लोक जातात, आणि नवागताने त्या दिवशी प्रेक्षक म्हणून तिथे जाऊन, प्रयोग दाखवणारे लोक कसे उभे राहतात, काय बोलतात आणि कधी गप्प राहतात हे पाहणे अधिक फायद्याचे असते.

पहिली पायरी: जागा पाहणे

मेळावा ज्या वेळी भरणार असेल त्याच वेळी, काही दिवस आधी, ती खोली एकदा डोळ्यांखालून घालावी. भिंतींचा रंग, प्लगांच्या जागा आणि आर्थिंग तपासायचे असतेच, पण खरा शोध चकचकीत पृष्ठभागांचा घ्यायचा असतो. चषकांचे काचेचे कपाट, पांढरा फळा, पॉलिश केलेली फरशी, स्टीलची पाण्याची टाकी आणि हार घातलेल्या तसबिरींच्या काचा यांवरून किरण आपल्याला न विचारता दुसरीकडे जातो. एका शाळेत आम्ही समोरची भिंत मोकळी आहे म्हणून निश्चिंत होतो. प्रयोग सुरू झाल्यावर एका सहकाऱ्याला व्हरांड्यातल्या खांबावर लाल ठिपका दिसला. आमचा किरण लोलकातून निघून तसबिरीच्या काचेवर आपटत होता आणि उघड्या दारातून, नेमका मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर पडत होता. लेझर दुबळा होता म्हणून काही बिघडले नाही, पण त्या दिवसापासून मी दोन जुन्या चादरी आणि खडूने आखण्याची दोरी घेतल्याशिवाय कुठेही जात नाही. चादरींनी काचा झाकायच्या आणि दोरी ताणून किरणाची वाट लेझर लावण्यापूर्वीच पाहून घ्यायची.

उंचीचाही विचार याच वेळी करावा. किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली ठेवावा असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते बरोबर आहे, परंतु नेहमीच्या मेजावर मांडलेल्या लेझरचा किरण जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवरून जातो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे जवळपास तिथेच असतात. ज्या मेळाव्याला मुले येणार आहेत, तिथे मेजाच्या तीन बाजूंना पुठ्ठ्याची फूटभर उंच भिंत उभी करावी, म्हणजे सगळे वरून पाहतील आणि कुणाचाही डोळा किरणाच्या पातळीवर येणार नाही.

किरण जिथे थांबतो, तिथे दुबळ्या लेझरसाठी काळे, खरखरीत कार्डशीट पुरते. त्याहून प्रखर लेझरसाठी बिनचमकीचा काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा जाड तुकडा लागतो. दाढीच्या ब्लेडची घट्ट बांधलेली थप्पी धारेच्या बाजूने किरणासमोर धरली, तर प्रकाश पात्यांच्या फटींत शिरून तिथेच जिरतो, हा छंदिष्टांचा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. मात्र ती थप्पी डबीत पक्की बसवून, बोट लागणार नाही अशी ठेवावी.

दुसरी पायरी: लेझरची वर्गवारी समजून घेणे

डोळा प्रकाश एका बिंदूत गोळा करतो, आणि दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत किरणाची तीव्रता सुमारे एक लाख पटीने वाढू शकते. सगळे नियम याच एका गोष्टीतून निघाले आहेत. दृश्य प्रकाशाचा वर्ग २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंतचा लेझर. इथे पापणी पाव सेकंदात आपसूक मिटते आणि डोळा वाचतो, अर्थात कुणी हट्टाने टक लावून पाहिले नाही तरच. वर्ग ३ आर ५ मिलिवॅटपर्यंत, वर्ग ३ बी ५०० मिलिवॅटपर्यंत आणि त्यापुढचा सगळा वर्ग ४. शेवटच्या वर्गात भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणेही धोक्याचे असते, आणि त्वचा भाजते किंवा कापड पेट घेते ते वेगळेच.

आमच्या मेळाव्यात उघड्या मेजावर फक्त वर्ग २ चालतो. वर्ग ३ आर स्टँडला पक्का बांधलेला असेल तरच, आणि त्यापुढचे काहीही सर्वांसमोर लावले जात नाही. ते ज्यांना पाहायचे आहे त्यांनी वेगळ्या, बंद दाराच्या खोलीत, त्या तरंगलांबीचे चष्मे लावून पाहावे, आणि चावी एकाच माणसाच्या खिशात असावी. नवागतांना हे जाचक वाटते. परंतु गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेझरच्या झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये पुण्यासह राज्यभर आल्या, पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदीचे आदेश काढले, आणि त्यानंतर लेझर हा शब्द ऐकताच इथले पालक मुलांना मागे ओढतात. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. त्यांच्यासमोर आपला छंद मांडायचा, तर आपल्याकडून एकही चूक होता कामा नये. याच कारणाने गच्चीवरचे कार्यक्रम आम्ही पूर्णपणे बंद केले आहेत. लोहगावची धावपट्टी प्रवासी विमानांची आणि हवाई दलाची अशी दोघांची आहे, आणि आकाशाकडे गेलेला किरण वैमानिकाचे डोळे दिपवू शकतो.

लेझरवर चिकटवलेल्या लेबलावर विसंबू नये. मी घेतलेल्या एका हिरव्या पॉइंटरवर ५ मिलिवॅट असे छापलेले होते. मित्राच्या पॉवरमीटरने ४० च्या वर आकडा दाखवला. हिरव्या पॉइंटरांत आणखी एक छुपी गोष्ट असते. त्यांतल्या बऱ्याच पॉइंटरांमध्ये ८०८ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, तो स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर काढतो. अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर पैसे वाचवण्यासाठी गाळला असेल, तर हिरवा ठिपका मंद दिसत असतानाही डोळ्यावर न दिसणारा मारा होत राहतो. अमेरिकेतील एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला, तेव्हा त्यातून सुमारे २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. मोजमापाची सोय नसेल, तर मेळाव्यासाठी लाल डायोडचाच लेझर घ्यावा, कारण त्यात हा प्रश्नच येत नाही.

संरक्षक चष्मा विकत घेताना त्याचा रंग न पाहता दांडीवर छापलेली तरंगलांबी आणि ओडीचा, म्हणजे काच किती प्रकाश अडवते त्याचा, आकडा पाहावा. ओडी ४ म्हणजे त्या तरंगलांबीचा दहा हजारावा भागच आत येतो. नारिंगी काचेचा चष्मा निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला अडवतो, पण ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्यातून सरळ पार होतो.

तिसरी पायरी: दाखवायचे काय?

इथे वेळ द्यावा. एका मेजावर एकच प्रयोग असावा आणि त्यात पाहणाऱ्याला हाताने काहीतरी करता यावे, एवढी अट मी घालतो.

माझ्या मते नवागताने एकदा तरी करावा असा प्रयोग म्हणजे मायकेलसनचा व्यतिकरणमापक, म्हणजे एका किरणाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणणारी मांडणी. त्यासाठी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला दीड बाय एक फुटाचा कडप्पा घ्यावा, पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणावी, ती अर्धवट फुगवावी आणि कडप्पा तिच्यावर ठेवावा. जमिनीची कंपने ट्यूब शोषून घेते आणि दगडाचे वजन उरलेली हालचाल दाबते. कडप्प्यावर मधोमध बीम स्प्लिटर, म्हणजे अर्धा प्रकाश पार जाऊ देणारी आणि अर्धा परतवणारी काच, ४५ अंशांत उभा करावा, त्याच्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर काटकोनात दोन आरसे लावावेत, आणि परत येऊन एकत्र झालेला किरण एका लहान भिंगातून पसरवून पांढऱ्या कागदावर घ्यावा. आरसे पुढच्या बाजूला चांदीचा थर असलेलेच हवेत. न्हाणीघरातल्या आरशाने दोन-दोन ठिपके पडतात आणि काहीच जुळत नाही. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मात्र उत्तम चालते. डायोड लेझरच्या लाटांचा मेळ थोड्याच अंतरापर्यंत टिकतो, म्हणून दोन्ही बाजूंची लांबी मिलिमीटरच्या हिशेबात सारखी ठेवावी.

मग भिंग काढून, एका आरशाचा स्क्रू केसभर फिरवत दोन ठिपके एकमेकांवर आणायचे. पहिल्यांदा यात तासभर जातो. ठिपके जुळून भिंग परत लावले, की लाल डागात एकाएकी काळे पट्टे उमटतात आणि ते जिवंत असल्यासारखे थरथरत असतात. आरसा एका तरंगलांबीच्या निम्म्याने, म्हणजे लाल प्रकाशासाठी सुमारे ३२५ नॅनोमीटरने सरकला, की एक पट्टा पुढे जातो. मुलांना एका बाजूच्या किरणाखाली नुसता तळहात धरायला सांगावे. हाताच्या उबेने हवा विरळ होते आणि पट्टे वाहू लागतात. आमच्याकडे रस्त्यावरून पीएमपीची बस गेली, की ट्यूब असूनही पट्टे क्षणभर विरघळत आणि मग पुन्हा जागेवर येत. याच तत्त्वावर, फक्त ४ किलोमीटर लांबीच्या बाहू असलेल्या लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपल्या, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाच्या कामात पुण्याची आयुका सहभागी आहे, हे त्या थरथरत्या पट्ट्यांशेजारी उभे राहून सांगितले, की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

दुसरा प्रयोग मोजमापाचा आहे. जुन्या सीडीच्या छापील बाजूवर चिकटपट्टी दाबून ओढली की चांदीचा थर निघून येतो आणि खाली पारदर्शक प्लास्टिकवर १.६ मायक्रोमीटर अंतराच्या रेषा उरतात. त्यातून लेझर सरळ पाठवला आणि भिंत बरोबर १ मीटरवर ठेवली, तर ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणाचा पहिला बाजूचा ठिपका मधल्या ठिपक्यापासून सुमारे ४४ सेंटिमीटरवर पडतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ३५ सेंटिमीटरवर आणि ४०५ नॅनोमीटरचा जांभळा २६ सेंटिमीटरवर पडतो. येणाऱ्याला टेप द्यावी, अंतर मोजायला लावावे आणि त्याच्याकडूनच तरंगलांबी काढून घ्यावी. शेजारी केसाचा प्रयोग ठेवता येतो. किरणाच्या वाटेत केस ताणून धरला आणि २ मीटरवरच्या भिंतीवर लागोपाठच्या काळ्या फटींमधले अंतर २ सेंटिमीटर आले, तर त्या केसाची जाडी ६५ मायक्रोमीटर भरते. मधला उजळ पट्टा दुप्पट रुंद असतो, म्हणून मोजमाप बाजूच्या फटींत करावे.

किरणावरून आवाज पाठवण्याचा प्रयोग मोठ्या माणसांनाही खिळवून ठेवतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर लेझर मॉड्यूलच्या तारेत जोडून त्याला मोबाइलचा आवाज द्यायचा आणि समोर बागेतल्या दिव्याची लहानशी सौर पट्टी स्पीकरच्या ऑक्सला लावायची. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करावी, नाहीतर डायोड जातो. किरणात हात घातला की गाणे थांबते, कंगवा फिरवला की स्पीकर कर्रर्र करतो. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल, तर तिची १०० हर्ट्झची गुणगुणही ऐकू येते (विजेच्या प्रत्येक आवर्तनात ती दोनदा उजळते), आणि घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते हे ज्याने फक्त पुस्तकात वाचले होते, त्याला ती कानाने कळते.

गॅल्व्होवर, म्हणजे किरण वेगाने फिरवणाऱ्या लहान आरशांवर, चालणारा प्रोजेक्टर नेण्याचा मोह पहिल्या वर्षी आवरावा. नेलाच, तर लेझर प्रोजेक्टरसाठी ठरलेल्या २५ पिनांच्या इल्डा जोडणीतल्या ४ आणि १७ या सुरक्षा पिना तार लावून कायमच्या जोडून टाकू नयेत, कारण आणीबाणीचे बटण त्याच वाटेवर असते; आणि आरसे अडकले तर किरण आपोआप बंद होतो की नाही, हे घरीच तपासून यावे.

नक्षी कोरणारी निळ्या डायोडची यंत्रे मात्र बरेच जण आणतात. ती वर्ग ४ ची असतात, त्यामुळे वर सांगितलेल्या बंद खोलीतच ठेवावीत, झाकणाशिवाय चालवू नयेत, क्षणभरही सोडून जाऊ नयेत आणि शेजारी अग्निशामक असावा. कागद, पुठ्ठा, प्लायवूड यांवर काम करावे. रेक्झिन, सनबोर्ड आणि फ्लेक्स यांत पीव्हीसी असते, आणि ते जळले की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, जो छातीला आणि यंत्राला दोघांनाही खातो. कुणी ओळखीच्याने घाईघाईत सनबोर्डवर नाव कोरून मागितले, तरी नाही म्हणावे.

चौथी पायरी: सामान जमवणे आणि बांधणे

लेझर मॉड्यूल, ड्रायव्हर (डायोडला ठरावीक प्रवाह देणारे सर्किट), हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), बॅटरीचे खोके आणि वायरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. भिंगे, आरसे आणि मोडीत निघालेले प्रिंटर यांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जावे. लेझर प्रिंटरमध्ये फिरणारा बहुकोनी आरसा असतो, आणि तो एकट्यानेच प्रिंटरची किंमत वसूल करतो. नट-बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोहरी आळीत पाहाव्यात.

सुटा डायोड हाताळताना दोन चुका हमखास होतात. डायोडला व्होल्टेज ठरवून द्यायचे नसते, प्रवाह ठरवून द्यायचा असतो, म्हणून त्याला ड्रायव्हर लागतोच. आणि ड्रायव्हर चालू करून नंतर डायोड जोडला, तर ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला भार एका झटक्यात डायोडमध्ये शिरतो. आधी डायोड जोडावा, मग वीज द्यावी, आणि सोडवताना कपॅसिटर रिकामा करूनच सोडवावा.

बांधताना प्रत्येक आरसा वेगळ्या मऊ कापडात, आणि सगळे सामान फोमच्या डब्यात ठेवावे. दुचाकीवरून नेले तर रस्त्यावरचे खड्डे स्क्रू सैल करतात, म्हणून जुळवणी घरून करून नेण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, नाहीतर भिंगावर बुरशीचे जाळे येते. भिंग पुसण्यापूर्वी फुंकणीने धूळ उडवावी, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला मऊ कागद एकाच दिशेने फिरवावा. वीज गेली तरी प्रयोग चालावा म्हणून मेजाजवळ एक पॉवर बँक असू द्यावी.

मेळाव्याच्या दिवशी

दोन तास आधी पोहोचावे. जमिनीवर पट्टी चिकटवून प्रेक्षकांची रेषा आखावी. प्रत्येक मेजावर दोन माणसे असावीत, एकाने समजावून सांगावे आणि दुसऱ्याने न बोलता फक्त किरणावर आणि लोकांच्या हातांवर लक्ष ठेवावे, कारण घड्याळाचा पट्टा, अंगठी किंवा स्टीलची बांगडी किरणात आली की तो कुठेही वळू शकतो. किरणाचा मार्ग दिसावा म्हणून धूर करायचा असेल, तर सभागृहात धुराची सूचना देणारी यंत्रणा आहे का हे आधी विचारावे. बाटलीभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले, तर धुराची गरजही उरत नाही.

एवढे करूनही कुणाच्या डोळ्यात किरण गेल्याची शंका आली, तर लेझर बंद करावा, त्याची तरंगलांबी, शक्ती, अंतर आणि वेळ कागदावर लिहून द्यावी आणि त्या व्यक्तीला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून घरी पाठवू नये.

कार्यक्रम संपल्यावर दिवे लावून आधी लेझर मोजावेत, मग खुर्च्या. आणलेले सात असतील तर सातही मेजावर दिसेपर्यंत दार उघडू नये. एखादा पॉइंटर हौसेने लहान मुलाच्या खिशात गेलेला असतो. बॅटऱ्या काढून वेगळ्या डबीत, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवाव्यात. कडप्पा तिथेच ठेवण्याची परवानगी मागावी, पण ट्यूबमधली हवा काढून ती घरी आणावी, आणि कडप्प्यावर आरसे जिथे होते तिथे पेन्सिलीने खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी तासाऐवजी दहा मिनिटांत पट्टे सापडतात.